तीनशे मीटर आणि सात विहिरी

"तीन हजार मागितले होतेस ना? त्यांनी एक शून्य गाळलं," देशकर साहेब म्हणाले आणि माझा आराखडा टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"तीनशे मीटर? साहेब, एवढ्यात फक्त…"

"शंभर-शंभरची तीन भोकं. मला भागाकार येतो, मुनघाटे."

"आणि आधीचे खड्डे? चर?"

"मजूर पण कापले. एक टेप धरायला, एक स्वयंपाकाला. दोनच मिळतील."

"म्हणजे खाली काय आहे ते न पाहताच ड्रिलिंग करायचं?"

"तुझ्या आजीनं आजोबाला लग्नाआधी पाहिलं होतं का? झाला ना संसार?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जा. तीन जागा शोध. आणि बरोबर शोध."

चौऱ्याऐंशी सालचा नोव्हेंबर होता. मी ब्रह्मपुरीची हेमलता मुनघाटे, वय सव्वीस, आमच्या खात्यात तात्पुरती भूवैज्ञानिक. तुमसरच्या उत्तरेला खैरबोडी नावाचं गाव होतं. तिथल्या शेतांत मॅंगनीजचे काळे गोटे सापडत होते आणि त्याखाली थर आहे का हे पाहायचं काम माझ्याकडे आलं होतं. थर लागला तर प्रकल्प पुढं चालणार आणि मी कायम होणार. नाही लागला तर मार्चअखेर प्रकल्प बंद आणि त्याच तारखेला मीही बंद. नेमणुकीच्या कागदावर हे इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हतं, पण कार्यालयातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

या धंद्याची रीत साधी आहे. आधी पायी फिरून वरचे दगड बघायचे, मग खड्डे घेऊन मातीखालचा खडक बघायचा आणि मगच यंत्र लावून खोलवरची दगडाची कांडी वर काढायची. यंत्राचा एकेक मीटर महाग, म्हणून खड्डे आधी. माझ्या वाट्याला यंत्र आलं, खड्डे गेले. खैरबोडीत तर पंधरा-वीस फूट माती. त्या मातीखाली काळा थर कुठून कसा गेलाय, हे वरून ओळखायला मी काही पायाळू नव्हते.

तंबू ठोकून पंधरा दिवस मी शेतं तुडवली. काळे गोटे बांधांवर, धुऱ्यांवर पडलेले होते. त्यांच्या भरवशावर मी नकाशात उत्तर-दक्षिण एक ओळ आखली. ओळीवर दहा ठिकाणी खड्डे घेतले असते तर थर नक्की कळला असता. दहा खड्डे, प्रत्येकी तीस फूट. माझा टेप धरणारा गडी आठवड्याला एक खड्डा खणायला तयार होता, तोही चार फुटांचा.

आणि मग एका सकाळी सरपंच कागद घेऊन आले.

"बाई, तुमी दगडाच्या डाक्टर हाव ना जी? एक सही पाह्यजे."

पंचायत समितीच्या योजनेत गावाला विहिरी मंजूर झाल्या होत्या. तीन वर्षं कागद पडून होता, कारण जागेवर सरकारी भूवैज्ञानिकाची सही लागत होती आणि भूवैज्ञानिक काही गावापर्यंत पोहोचत नव्हता. उन्हाळ्यात बायका अर्धा कोस लांबच्या बोडीवरून, म्हणजे लहानशा तळ्यावरून, गढूळ पाणी आणत.

"किती विहिरी?" मी विचारलं.

"दहापरेंत देतो म्हनतात."

त्या क्षणी मला जे सुचलं ते सरळ माणसाला सुचलं नसतं. विहीर म्हणजे तरी काय? तीस फुटांचा खड्डाच. तोही दुसऱ्या खात्याच्या पैशानं, दुसऱ्याच्या घामानं खणलेला. मी सही देणार, जागा मी सांगणार, आणि जागा असणार माझ्या ओळीवर. आवळा देऊन कोहळा काढायचा, एवढंच. काळ्या खडकात पाणी लागेल का, हा प्रश्न मनात आला होता. नाही असं नाही. पण खणलं की कुठंतरी पाणी लागतंच, असं मी स्वतःला सांगितलं आणि लगेच विश्वासही ठेवला.

"सही करते," मी म्हटलं. "पण जागा शास्त्रानं ठरवाव्या लागतील."

"ठरवा ना जी. फक्त डोमाजीचा नारेल उभा झाल्याबिगर लोक कुदळ मारत नाईत. तेवढं पाहा."

डोमाजी कापगते हे गावचे पाणाडे. साठी ओलांडलेले, वाळक्या अंगाचे, जन्मतः पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आलेले. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं अशी तिकडं सगळ्यांची खात्री. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते शेतातून चालत, आणि पाण्यावर आले की नारळ आपोआप उभा राही. आजूबाजूच्या बारा गावांत त्यांची एकही विहीर कोरडी गेली नाही अशी ख्याती होती. मी त्यांच्या ओसरीवर नकाशा पसरला.

"हे पायपुसनं कायचं आनलं जी?"

"नकाशा आहे, डोमाजी. या दहा जागी विहिरी घ्याव्यात असं माझं मत आहे."

"तुमाले इथं पानी दिसते?"

"शास्त्रानं दिसतं."

"मले नारेलानं दिसते. दोघाइले एकाच जागी दिसला तं बरं होईल."

"दिसेल की. नारळ जरा समजूतदार असला तर दिसेल."

डोमाजींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "नारेल समजूतदारच रायते जी. मानूस नसते."

आत चुलीपाशी त्यांची बायको भागरता बसली होती. ती पदर तोंडाला लावून हसली हे मला दारातून दिसलं, पण त्या हसण्याचा अर्थ मी लावत बसले नाही.

"हे बघा," मी आवाज खाली आणला. "पाणी लागलं तर नाव तुमचं. नाही लागलं तर सही माझी आहे, शिव्या मला."

"असा भागीदार मले चाळीस वर्सात भेटला नोयता," ते म्हणाले आणि उठले. "चाला, जागा दाखवा."

आम्ही ओळीवरून चालत निघालो आणि मी खुंट्या ठोकत गेले. दहापैकी तीन जागी खुंटी ठोकताच येईना. पहिल्या ठिकाणी चौथरा होता, त्यावर शेंदूर लावलेला दगड.

"हा म्हसोबा. इथं खनाचं नाई."

दुसऱ्या ठिकाणी तसाच चौथरा, तसाच दगड.

"हा वाघोबा."

तिसरा चौथरा ओळीपासून जरा उगवतीकडं सरकलेला होता.

"आणि हा?"

"देव."

"नाव काय?"

"नुसता देव. नाव इचारत नाईत."

देवाशी वाद घालायला माझ्याकडे मुदत नव्हती. तीन जागा सोडल्या, सात खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी डोमाजी तंबूवर आले.

"बाई, चार दिवस नागपूरले जाऊन या."

"का बरं?"

"नारेल फिरवाचा हाय. सरकारी मानूस समोर असला तं नारेल लाजते."

मला तसंही तिमाही बैठकीला जायचं होतं. मी गेले, आणि बैठकीत 'स्थानिक सहकार्यातून खड्ड्यांची पर्यायी व्यवस्था' असं एक वाक्य मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. देशकर साहेबांनी भुवया उंचावल्या आणि पुढचा विषय घेतला.

परत आले तेव्हा सातही खुंट्या सरळ रेषेत उभ्या होत्या, प्रत्येकीला हळदकुंकू लागलेलं होतं आणि शेजारी फुटक्या नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. सगळं माझ्या मनासारखं; टेप लावून पुन्हा मोजायची गरजच वाटली नाही. डोमाजी माझ्याकडे बघून एक डोळा मिटल्यासारखं करून गेले. मी त्या रात्री स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपले.

खणती सुरू झाली. प्रत्येक विहीर मातीखालच्या खडकाला लागली की मला बोलावणं यायचं. दोराला बांधलेल्या पाटीत बसून मी खाली उतरायची, हातोडीनं कपचा उडवायची आणि वर बघून ओरडायची, "ओढा." पहिल्या विहिरीत पांढरा, चमचमता अभ्रकाचा दगड निघाला. काळ्याचा मागमूस नाही. एक जागा चुकू शकते, असं मी म्हटलं. दुसरीत तेच. तिसरीत तेच, आणि शिवाय तीस फुटांवर पाण्याचा असा झरा फुटला की मला पाटीसकट भिजवून काढलं. वरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली गुडघाभर पाण्यात उभी राहून शिव्या देत होते. नशीब, पाण्याच्या आवाजात त्या वर ऐकू गेल्या नाहीत.

जानेवारी संपता संपता सातही विहिरी झाल्या. सातांत पाणी, सातांत पांढरा दगड. माझी ओळ साफ चुकली होती. गावानं मात्र मला डोक्यावर घेतलं. मारुतीच्या पारावर माझी ओटी भरली, गळ्यात झेंडूचा हार घातला. शेजारच्या दोन गावांची माणसं आमच्याकडेही चला म्हणून तंबूशी येऊन बसली. 'पानाडीन बाई' असं माझं नाव पडलं. सरपंचांनी खात्याला आभाराचं पत्र धाडलं आणि ते पत्र घेऊन देशकर साहेब स्वतः जीपनं आले.

"मुनघाटे, तुला मॅंगनीज शोधायला पाठवलं होतं. तू इथं पाणपोई काय घालून राहिली?"

"साहेब, ओळ चुकली."

"ते मला दिसून राहिलं. ओल्या पायांनीच फिरतो आहे मी." त्यांनी पत्राची घडी केली. त्यांचा आवाज मऊ झाला आणि मला ते अधिक लागलं. "यंत्र सोमवारी येतंय. तीन जागा सांग. नाही जमलं तर मीच रस्त्याच्या कडेला तीन खुणा करतो, म्हणजे निदान ट्रक तरी चिखलात रुतणार नाही. पुढचं तुला माहीत आहे."

पुढचं मला माहीत होतं. शुक्रवार होता. साहेब गेले आणि मी नकाशा घेऊन बसले, पण नकाशाकडे बघवेना. दुपारी भागरताचं बोलावणं आलं, जेवायला या म्हणून.

लाखोळीच्या वड्यांची भाजी, भात आणि वर कच्चं तेल. मी दोन घास खाल्ले आणि तिसरा तसाच हातात धरून बसले. भागरतानं माझ्याकडे पाहिलं.

"तिखट झाली का वं?"

"नाही मावशी. मार्चनंतर मी नसेन इथं. माझं काम फसलं." एवढं बोलले आणि मला रडू कोसळलं. सांगायला लाज नाही, चांगली नाक ओढत रडले. मी वर्गात पहिली आलेली मुलगी होते, आणि एक वर्षाच्या नोकरीत साधी एक रेघ बरोबर काढू शकले नव्हते.

डोमाजी भात कालवत राहिले. भागरतानं त्यांच्या ताटाशी उलथनं आपटलं.

"सांगा आता बाईले. का पोरीची नोकरी खाऊन ढेकर देनार?"

"का सांगू?"

"तुमी सांगता का मी सांगू?"

डोमाजींनी हात झटकला. "बाई, तुमची ओळ नाई चुकली. खुट्या मी हालवल्या."

मला आधी कळलंच नाही. "कुठल्या खुंट्या?"

"सातीच्या साती. तुमी नागपूरले गेल्या तवा. मी आन ही, दोघाइनं दोर धरून. पन्नास पावलं मावळतीकडं. एखादी हालवली असती तं तुमाले कळली असती. म्हनून साऱ्या सारख्या हालवल्या."

माझं रडू तिथल्या तिथं थांबलं. असा संताप आला की हातातला घास ताटात आपटला. दोन महिने! दोन महिने मी पाटीत बसून खाली-वर केलं होतं, आणि हा म्हातारा काठावर उभा राहून बघत होता!

"का? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तुमच्या खुट्याखाली पानी नोयता."

"तुम्हाला काय माहीत? नारळानं सांगितलं?"

चुलीपासून उत्तर आलं. "नारेल नोय वं बाई. बुढ्यानं तीनदा तोंड फोडून घेतला तवा समजला."

"तू गप वं."

"आता कायले गप? बाई, म्हसोबा पायला ना तुमी? थो देव नोय. थे याची पयली विहीर हाय."

मी डोमाजींकडे पाहिलं. ते चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होते.

"हा बावीस वर्साचा होता," भागरता सांगू लागली. तिला किती वर्षांनी हे सांगायला मिळत होतं कोण जाणे, तिचे डोळे लकाकत होते. "मालगुजाराच्या शेतात नारेल उभा केला. पंधरा फुटावर दगड लागला, असा कडक का साऱ्या सब्बली वाकल्या. पान्याचा टिपूस नाई. मालगुजार चाबूक घेऊन वाट पायत होता. मंग हा सकाळी घुमत उठला. म्हने, म्हसोबा सपनात आला, म्हने मी इथं बसलो हावो, मले खनू नोका. मालगुजारानं पाया पडून विहीर बुजवली, वर चौथरा बांधला."

"आणि वाघोबा?"

"दुसरी विहीर."

"आणि तो… नुसता देव?"

"तिसरी. तवा याले देवाचं नावबी सुचेना," ती म्हणाली आणि पदर तोंडात धरून हसू लागली. "चौथी चुकली असती तं गावात मानसाइपेक्षा देव जास्त झाले असते."

मला हसू येत होतं, राग येत होता, आणि मधेच डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं. "डोमाजी, तो कडक दगड. कोणत्या रंगाचा होता?"

"कारा," ते म्हणाले. काळ्याला ते कारा म्हणत. "कारा गोटा, जड, हाताले काजळावानी लागे. निंगालेले गोटे लोकाइनं बांधावर टाकले."

ज्या गोट्यांच्या भरवशावर मी ओळ आखली होती ते गोटे जमिनीतून आपोआप वर आले नव्हते. ते या माणसानं वर काढले होते. माझी सगळी विद्या त्याच्या तीन चुकांच्या मागून चालत आली होती आणि बरोबर चालत आली होती.

"मग तेव्हाच सांगायचं ना मला! माझ्या खुंट्यांखाली काळा दगड आहे एवढंच मला हवं होतं!"

"तुमाले हवा होता. लोकाइले पानी हवा होता." आता ते चिडले. "सात विहिरी कोरड्या गेल्या असत्या तं मी काय केला असता जी? सही तुमची, पन तुमी मार्चले जानार. गावात मीच रायनार. तीन चुकल्या तवा तीन देव आनले. सात देव कोठून आनू?"

मला खड्डे फुकट हवे होते, त्यासाठी मी साऱ्या गावाला तहानलेलं ठेवायला निघाले होते, आणि त्याचं मला फारसं काही वाटलंही नव्हतं. आता वाटलं. मान वर करून भागरताकडे बघायची हिंमत होईना.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"दोघाइचं चुकला," डोमाजी म्हणाले. "जेवा आता."

मी जेवले नाही. ताट बाजूला सारून नकाशा पसरला. "कुठली विहीर किती खोल गेल्यावर काळा दगड लागला, आठवतं?"

"पानी लागलेली विहीर मी इसरतो, बाई. कोरडी नाई इसरत. म्हसोबा अडीच परस. वाघोबा तीन परस. थो तिसरा, पाच परसाले चार बोटं कमी."

परस म्हणजे सहा फूट, विहिरीची खोली मोजायचं तिकडचं माप. मी तीन चौथऱ्यांवर तीन आकडे लिहिले. आता हे भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. एकाच थराची खोली तीन जागी ठाऊक असेल आणि त्या जागा एका रेषेत नसतील, तर तो थर कुठल्या दिशेला किती झुकलाय हे कागदावर काढता येतं. तिसरा देव ओळीबाहेर उगवतीकडं बसलेला होता. त्या नाव नसलेल्या देवानं मला तारलं. थर उगवतीकडं उतरत होता. म्हणजे देवांना हात न लावता, त्यांच्या पुढं साठ-सत्तर पावलांवर यंत्र उभं केलं की थर खाली सापडायला हवा होता.

डोमाजी माझ्या पेन्सिलीकडे बघत होते. "हा कसा नारेल हाय जी?"

"हाही समजूतदार आहे."

"कोनाले सांगसाल नाई ना?"

"तुम्ही माझं नाही सांगायचं, मी तुमचं नाही सांगणार."

"झाकली मूठ," ते म्हणाले.

"सव्वा लाखाची," भागरतानं पुरं केलं आणि माझं ताट पुन्हा माझ्यासमोर ठेवलं.

सोमवारी यंत्र आलं. पहिलं भोक म्हसोबासमोर. एक्केचाळीस मीटरवर दगडाची कांडी काळी येऊ लागली आणि पाच मीटर काळीच येत राहिली. मी ती मांडीवर घेऊन बसले, साडीला काजळ लागलं तरी सोडवेना. दुसरं भोक वाघोबाच्या पुढं. तिथं सात मीटर थर. देशकर साहेब आले, कांडीचा तुकडा हातात घेऊन त्यांनी वजन केलं आणि माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघितलं.

"जागा कशा ठरवल्या?"

"जुन्या खोदकामांच्या माहितीवरून."

"कुणाची खोदकामं?"

"गावातल्या एका जाणत्या माणसाची."

"हं." ते शेंदरी चौथऱ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं खेड्यापाड्यांतून फिरलेला माणूस, त्यांना किती कळलं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. "अहवालात 'भूवैज्ञानिक अनुमानावरून' असं लिही. म्हणजे वरचे कुणी पुढं विचारत नाहीत."

उरलं तिसरं भोक. ते नाव नसलेल्या देवापुढं घ्यायचं ठरलं होतं. पण दोन यशं डोक्यात गेली. थर उत्तरेलाही जातो असं दाखवलं तर प्रकल्प दुप्पट मोठा होईल, असं मला वाटायला लागलं. मी यंत्र उत्तरेला पाव कोस लांब नेऊन उभं केलं.

"तिकडं नोका जाऊ," डोमाजी म्हणाले. "तिकडं माझा एकबी देव नाई."

"आता मला देव लागत नाहीत, डोमाजी."

शंभर मीटर. पहिल्या मीटरपासून शंभराव्यापर्यंत पांढरा दगड. ना मॅंगनीज, ना पाण्याचा थेंब. तीनशेपैकी शंभर मीटर मी माझ्या हावरेपणात घातले. साहेबांनी अहवालातल्या त्या रकान्यात स्वतःच्या हातानं 'निरंक' लिहिलं. तीनात दोन, तेवढ्यावर प्रकल्प पुढं चालला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला कायम केल्याचा हुकूम आला. आनंद झाला, नाही कसा होणार? पण निरंकचा तो शब्द डोळ्यांसमोरून जाईना.

तंबू काढायच्या दिवशी सकाळी मी एकटीच त्या तिसऱ्या भोकाकडे गेले. भोक बुजवून वर सिमेंटचा हातभर चौकोनी ठोकळा बसवतात आणि त्यावर क्रमांक कोरतात, तसा बसवला होता. लांबूनच मला तो लाल दिसला. जवळ गेले तर ठोकळ्याला शेंदूर फासलेला, क्रमांक दिसेनासा झालेला, पुढं फुलं, हिरवी चोळी, फोडलेला नारळ. डोमाजी आणि भागरता दोघं हात जोडून उभी. गावातल्या पाच-सात बायकाही ताटं घेऊन आल्या होत्या.

"हे काय, डोमाजी?"

ते माझ्या कानाशी आले. "चूक उघडी नाई ठेवाची जी. येनारे-जानारे इचारतात."

"पण… कोणता देव हा?"

"देव नोय, देवी हाय. तुमची चूक, तं देवीच झाली पाह्यजे." मग मोठ्यानं, बायकांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "बोरमाय! माय सपनात आली होती. म्हने, मी इथं बसली हावो, आता इथं कोनी खनू नोका."

बायकांनी हात जोडले. भागरतानं माझ्या पाठीत हळूच बोट खुपसलं, तेव्हा मीही जोडले. ती खालमानेनं हसत होती आणि तिचे खांदे हलत होते. मला मात्र हसू आलं नाही. माझं अपयश माझ्या आधी कुणीतरी झाकलं होतं, तेही न मागता, आणि ते ज्यानं झाकलं त्याला मी चार महिन्यांपूर्वी नुसतं वापरून घ्यायला निघाले होते.

निवृत्तीनंतर, दोन वर्षांपूर्वी, मी खैरबोडीला गेले. डोमाजी आणि भागरता दोघंही आता नाहीत. विहिरींपैकी सहा अजून चालू आहेत. बोरमायचं मात्र देऊळ झालंय, पत्र्याचं, समोर फरशी, घंटा, आणि रविवार असल्यामुळे चांगली रांग होती. मीही एक नारळ घेऊन उभी राहिले. रांगेत बहुतेक तरुण पोरंपोरी, हातात फायली.

पुजारी बोलका होता. "माय नवसाले लय पावते, बाई. लांबून लांबून येतात लोक."

"काय मागतात?"

"नोकरी कायम व्हावी म्हनून. कंत्राटी मास्तर येतात, नर्सा येतात, रोजंदारीवाले येतात. इथं नारेल फोडला का हुकूम निंगते म्हनतात." मग त्यानं आवाज खाली केला. "मायचं स्थान किती खोल हाय हे कोनाले माहीत नाई. पाताळापरेंत असन."

शंभर मीटर, आणि आत काहीही नाही, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मागं उभी असलेली मुलगी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. तिच्या फायलीच्या वर सही-शिक्क्याचा एक कागद डोकावत होता, आणि त्यावर मुदतीची तारीख होती, मार्चअखेरची.

मी रांगेतून बाजूला होऊन तिला पुढं जायला जागा दिली आणि माझा नारळ तिच्या हातात ठेवला.